विसावं नाव

हंगाम सुरू झाला की माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
कागदापेक्षा रुई जास्त उडते.
प्रिंटरच्या तोंडात फुंकर मारावी लागते,
मग तो घशातून खोकत चालतो.

गेडेकर मॅनेजर आला. हेल्मेट न काढताच म्हणाला,
नवा कायदा लागला, सगळ्यायले नियुक्तीपत्र द्या लागते.
मजकूर त्याच्या मोबाईलवर होता,
कुठल्यातरी साखर कारखान्याचा.
सात ठिकाणी ऊस खोडून मी कापूस केला,
तरी एका कलमात गळीत हंगाम राहिलाच.

रात्रपाळीच्या संमतीपत्रात
'मी स्वखुशीने' आधीच छापलेलं.
खाली अंगठ्यापुरती जागा.
चाळिशी उलटलेल्यांची तपासणी, वर्षातून एकदा, फुकट.
चाळिशी कोणाकोणाची उलटली, मी विचारलं.
काय माईत, तो म्हणाला,
आधारवर तं सगळ्याच एक जानेवारीच्या.

मग नावं. पंचफुला मेश्राम. शेवंता टेकाम.
निर्गुणाचं आडनाव त्याला फोन लावून विचारावं लागलं,
नऊ हंगाम ती त्याच्याच गेटातून आत जाते.
एकोणीस झाली.
मी म्हटलं, तानेबाई आत्राम राहिली.

ते राहू दे.
वीस झाले का कारखाना होते,
मंग रजिस्टर, मंग साहेब, मंग पट्ट्याले जाळी.
एकोणीस हायेत तोवर
आपलं नुसतं जिनिंग हाय.

मी राहू दिलं.
त्यानं पाचशेची नोट ठेवली, सुटे मागितले नाहीत.
तेही मी राहू दिले.

शनिवारी, मारेगावच्या बाजारात
मिरची तोलून झाल्यावर तानेबाई आली.
काउंटरवर पिशवी ठेवली, पिशवीवर हात.
उजव्या हाताची करंगळी नाही, शेजारचं नाही.
तीन हिवाळ्यांमागं पट्ट्यात गेली.
त्या दिवशीची गाठ बांधून रवाना झाली होती,
गाठीवर नंबर होता, वजन होतं.

मायं पत्र काहून नाही व?
मी तिला वीसचा हिशेब सांगितला,
जसा मला कळला तसा, अर्धामुर्धा.

तानेबाईला शंभर येत नाही, पाच विसा येतात.
पोडावर बकऱ्या विसानं, बांबू विसानं, कर्जही विसानं.
एक विसी म्हणजे एक अख्खं माणूस,
हाताची दहा, पायाची दहा.

ती चपलेतून पाय काढून उभी राहिली.
फरशीवर मिरचीची धूळ, तीत तिची बोटं.
मोजून पाह्य पोरी, ती म्हणाली,
मी तं अठराच भरतो.
मले विसावी कोणं धरलं?

मला हसू आलं. तिला नाही.

पिशवीच्या तळातून प्लास्टिक निघालं,
प्लास्टिकमधून ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी,
घड्यांवर फाटलेली, हळदीचा डाग.
डॉक्टरच्या मुंगीच्या अक्षरात:
जिनिंग, पट्ट्यात हात.
तारीख.
आणि 'सोबत आणणारा' या रकान्यात
गेडेकरची सही, लफ्फेदार, पूर्ण नावानिशी.

तीन वर्षं तिनं ती वाचली नव्हती.
वाचता येत नव्हतं म्हणून जपली होती,
वाचता येणाऱ्यानं एव्हाना फेकली असती.

किती कॉप्या काढू?
एक विसी.

पैसे तिनं मोजले, मी घेतले नाहीत,
तर रागावली. मग घेतले.
मशीन चालू झालं. एक, दोन, सात,
पंचफुलाला एक, निर्गुणाला एक, ती पुटपुटत होती,
अकरा, पंधरा, एकोणीस.
विसाव्या कागदाला मशीन अडलं.
आत कुठंतरी तो चुरगळून बसला,
लाल दिवा लुकलुकला.

मी झाकण उघडलं,
सवयीनं हात आत घातला.

हात काढ, तानेबाई ओरडली,
पह्यलं बटन बंद कर.